नेकारच्या दोन्ही काठांनी हायडेलबर्ग

युरोपच्या सहलीची बस हायडेलबर्गला थांबते ती बहुधा अर्धा दिवस. फ्रँकफर्टला उतरलेली मंडळी ब्लॅक फॉरेस्टकडे किंवा स्वित्झर्लंडकडे निघालेली असतात आणि हे गाव त्यांच्या वाटेत लागतं. वर किल्ला, किल्ल्यातलं वाइनचं अजस्र पिंप, खाली पुलाजवळचं ब्राँझचं माकड, मुख्य रस्त्यावर थोडी खरेदी, आणि दुपारचं जेवण आटोपून बस सुटते. मला हे फार खटकतं. जर्मनीतली जी गावं पायी, सावकाश, आणि एकाच ठिकाणाकडे दोनदोनदा वळून पाहिली तरच समजतात, त्यांत हायडेलबर्ग पहिल्या रांगेत आहे. निदान तीन रात्री तरी इथे राहा. चार मिळाल्या तर आसपासचा मुलूखही नीट होतो.

हा लेख स्वतः आखणी करून जाणाऱ्यांसाठी आहे. त्यातही मला विशेष करून डोळ्यांपुढे दिसतात ते आईवडील, ज्यांचा मुलगा किंवा मुलगी जवळच वाल्डोर्फला एसएपीच्या मुख्यालयात नोकरी करते किंवा हायडेलबर्ग-मानहाइमच्या विद्यापीठांत शिकते. मुलं दिवसभर कामावर असतात आणि आईबाबांच्या हाताशी मोकळे दिवस असतात. भाषा येत नाही म्हणून शनिवार-रविवारची वाट पाहत घरात बसून राहण्याचं काहीच कारण नाही. हा भाग एकट्यानं फिरायला अतिशय सोपा आहे.

आधी पलीकडचा काठ

नेकार नदी ओडेनवाल्डच्या डोंगरांतून वळणं घेत येते आणि डोंगर संपून ऱ्हाइनचं सपाट खोरं सुरू होतं नेमक्या त्या तोंडाशी हायडेलबर्ग वसलेलं आहे. पुढे वीसेक किलोमीटरवर मानहाइमला नेकार ऱ्हाइनला मिळते. जुनं गाव दक्षिण काठावर, नदी आणि क्योनिगश्टूल डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत आहे. जागाच नसल्यामुळे ते लांबच लांब पसरलं, रुंद झालं नाही. उत्तरेच्या काठावर हायलिगेनबर्ग हा दुसरा डोंगर. हे एवढं ध्यानात ठेवलंत तर नकाशा न उघडताही तुम्ही हरवणार नाही.

माझा पहिला सल्ला असा की गावात पोचलात त्या संध्याकाळी किल्ल्यावर जाऊ नका. नदी ओलांडा आणि समोरच्या काठावर जा. किल्ला उत्तरेकडे तोंड करून उतारावर उभा आहे. सकाळी सूर्य त्याच्या मागच्या बाजूला असतो, म्हणून सकाळचे फोटो काळपट येतात. दुपार कलली की पश्चिमेची तिरपी उन्हं त्या तांबड्या वालुकाश्मावर पडतात आणि किल्ला, पूल, चर्चचा मनोरा सगळं एकाच रंगात उजळतं. ते एकाच दगडाचं बांधकाम आहे, याच खोऱ्यातल्या खाणींमधून निघालेल्या दगडाचं. किल्ल्याच्या आत उभं राहून हे दिसत नाही. किल्ला किती मोठा, किती मोडलेला आणि गावाच्या किती डोक्यावर आहे, हे समोरच्या काठावरूनच कळतं.

तिथे डोंगराच्या कुशीतून जाणाऱ्या पायवाटेचं नाव फिलोझोफेनवेग. विद्यापीठातले लोक फिरायला जात ती वाट. दक्षिणेकडे तोंड असल्यामुळे ती उबदार असते आणि तिच्याकडेच्या बागेत एरवी जर्मनीत उघड्यावर न टिकणारी उष्ण प्रदेशातली झाडं वाढतात. वर जायचे रस्ते दोन. जुन्या पुलाच्या पलीकडच्या टोकासमोरून श्लांगेनवेग नावाची नागमोडी, दगडी भिंतींमधली चढण सुरू होते. ती छान आहे, पण खडी आहे, पायऱ्या ओबडधोबड आहेत आणि पाऊस पडून गेल्यावर निसरड्या होतात. गुडघे कुरकुरत असतील तर नॉयेनहाइम भागातून डांबरी रस्त्यानं वर या आणि उतरतानाही तोच धरा. चढ तिथेही आहे, पण पाऊल नीट पडतं आणि पुढे वाट जवळजवळ सपाट होते.

पायांत बळ असेल तर आणखी वर हायलिगेनबर्गच्या माथ्यावर जा. वाटेत केल्टिक लोकांच्या तटबंदीच्या खुणा लागतात, माथ्यावर मध्ययुगीन संत मिखाएल मठाचे अवशेष आहेत, आणि जंगलाच्या मधोमध अचानक एक प्रचंड दगडी अर्धवर्तुळाकार खुलं रंगमंदिर समोर येतं. ते जुनं वाटतं, पण जुनं नाही. १९३४-३५ मध्ये नाझी राजवटीनं प्रचाराच्या मेळाव्यांसाठी ते बांधलं. त्याला टिंगश्टेट म्हणतात. केल्ट, ख्रिस्ती साधू आणि नाझी या तिघांनाही हीच टेकडी हवीशी वाटली. हे मनाशी धरून तिथे थोडा वेळ बसा. सहलीच्या बसचे प्रवासी इथवर क्वचितच येतात.

उतरून पुलावर या. आजचा दगडी पूल १७८६ ते १७८८ या काळात बांधला. त्याआधीचा पूल १७८४ च्या हिवाळ्यात बर्फाच्या लाद्यांसह आलेल्या पुरानं वाहून नेला होता. पुलाच्या परिसरात जुन्या पुरांच्या पातळीच्या खुणा कोरलेल्या आहेत. त्या जरूर शोधा. शांत दिसणारी नेकार काय करू शकते ते त्यांतून कळतं. दुसऱ्या महायुद्धात हायडेलबर्ग बॉम्बहल्ल्यांतून जवळजवळ सहीसलामत सुटलं, पण मार्च १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानंच या पुलाच्या काही कमानी उडवल्या. दोनच वर्षांत लोकांनी पूल पुन्हा उभा केला.

मोडलेला किल्ला कसा पाहावा

किल्ल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जा, बसगाड्यांच्या आधी. कॉर्नमार्क्ट चौकातून डोंगररेल्वे वर जाते. किल्ल्याच्या तिकिटात या रेल्वेचं किल्ल्यापर्यंतचं जाणं-येणं धरलेलं असतं, म्हणून वेगळं तिकीट काढण्याची घाई करू नका. पायी जायचं तर फरसबंद चढाचा रस्ता आहे आणि तीनशेहून अधिक पायऱ्यांची एक वाटही आहे. तिकीट लागतं ते आतल्या चौकासाठी, पिंपासाठी आणि औषधालय संग्रहालयासाठी. किल्ल्याभोवतीची बाग आणि गच्ची फुकट आहेत. ज्यांना आत जायचं नाही, त्यांनीही बागेतल्या शेफेल गच्चीपर्यंत जाऊन यावं. किल्ला, गाव आणि नदी तिथून एका नजरेत दिसतात.

आपल्याकडचे बरेच लोक इथून थोडे नाराज होऊन परततात. भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. खिडक्यांतून आभाळ दिसतं. सजवलेल्या दालनांची अपेक्षा ठेवून गेलात तर निराशाच होईल. ज्या थोड्या खोल्या शाबूत आहेत त्या फक्त मार्गदर्शकाबरोबर पाहता येतात आणि त्याचं तिकीट वेगळं आहे. खरं पाहायचं आहे ते मोडणं, आणि त्यासाठी पाठीमागची गोष्ट माहीत हवी.

इथे पॅलेटिनेट प्रांताचे इलेक्टर राहत, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या मोजक्या राजांपैकी एक. त्यांच्या घराण्यातली लिझेलोटे ही मुलगी १६७१ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या भावाला दिली. १६८५ मध्ये तिचा भाऊ निपुत्रिक वारला आणि लुईनं भावजयीच्या नावानं या प्रांतावर हक्क सांगितला. तिला हे अजिबात नको होतं. तिच्या नावाखाली झालेल्या युद्धात फ्रेंच सैन्यानं तिचंच माहेर १६८९ मध्ये आणि पुन्हा १६९३ मध्ये उद्ध्वस्त केलं. गाव जाळलं, किल्ल्याचे बुरूज सुरुंगांनी उडवले. पूर्वेच्या बाजूला खंदकाच्या कडेला त्यांतला दारूगोळ्याचा बुरूज आजही तसाच आहे. सहा मीटरहून जाड भिंतीचा अर्धा भाग अखंड तुटून खाली घसरला आणि खंदकात टेकून राहिला. मला या सबंध किल्ल्यातली सगळ्यांत बोलकी जागा हीच वाटते. सुरुंगाचा जोर किती, आणि बांधणाऱ्यांचा चुना किती पक्का, दोन्ही एकाच ठिकाणी समजतं.

पुढे इलेक्टरनं १७२० मध्ये राजधानी मानहाइमला हलवली. नंतर कार्ल थिओडोर या इलेक्टरच्या काळात किल्ला पुन्हा राहण्याजोगा करायचं चाललं होतं, तर १७६४ मध्ये वीज पडून उरलंसुरलंही जळालं. मग गावकरी घरं बांधायला इथलेच दगड नेऊ लागले. हे थांबवलं एका फ्रेंच माणसानं. शार्ल द ग्रेंबर्ग हा चित्रकार सरदार १८१० मध्ये आला आणि राहिलाच. त्यानं अवशेषांची चित्रं काढली, ती छापून देशोदेशी पोचवली, वस्तू जमवल्या. फ्रेंच सैन्यानं मोडलेल्या किल्ल्याचा पहिला राखणदार फ्रेंच होता.

विसाव्या शतकाच्या तोंडावर किल्ला पूर्ण बांधून काढावा का, यावर मोठा वाद झाला. फ्रीडरिश महालाची डागडुजी होऊन गेली होती. कला-इतिहासकार गेओर्ग देहिओ यानं ठामपणे सांगितलं की जे आहे ते जपा, नव्यानं जुनं उभारू नका. त्याचं म्हणणं टिकलं, आणि वारसा-जतनाच्या विचारात हा वाद मैलाचा दगड ठरला. आपल्या गडकोटांच्या डागडुजीबद्दल आस्था असणाऱ्या मराठी माणसानं तर चौकात उभं राहून दोन महाल शेजारीशेजारी पाहावेत: एक दुरुस्त केलेला फ्रीडरिशचा, आणि दुसरा ओटहाइनरिशचा, सोळाव्या शतकातल्या पुतळ्यांनी नटलेली नुसती दर्शनी भिंत उरलेला. कोणता अधिक सांगतो, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला विचाराल तर दुसरा.

पिंप १७५१ सालचं आहे आणि त्यात सुमारे २ लाख २० हजार लिटर वाइन मावत असे. शेतकऱ्यांकडून करापोटी येणारी वाइन त्यात एकत्र ओतली जाई, म्हणजे हे पिंप मुळात कराचा खजिना होतं. वर चढून पाहता येतं, पाच-दहा मिनिटं पुरतात. औषधालय संग्रहालयाला मात्र तासभर द्या. जुन्या औषधालयांची लाकडी फडताळं, खलबत्ते, बरण्या, मुळ्या आणि खनिजं असं सगळं नीट मांडलेलं आहे. काढे आणि चाटणं पाहत वाढलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही.

हवा स्वच्छ असेल तर तिथूनच डोंगररेल्वेनं पुढे क्योनिगश्टूलवर जा. मोल्केनकुअर स्थानकावर गाडी बदलते. वरच्या टप्प्यावरची रेल्वे १९०७ सालची असून तिचे लाकडी डबे जुन्या बांधणीचे आहेत. माथा ५६८ मीटर उंच आहे आणि ऱ्हाइनचं अख्खं खोरं पायाशी दिसतं. खाली उतरायला हिमेल्सलायटर नावाची हजाराहून अधिक ओबडधोबड दगडी पायऱ्यांची वाट आहे. तरुणांनी हौसेनं उतरावी, इतरांनी गाडीनंच यावं.

गल्ल्या, ग्रंथ आणि तुरुंग

जुन्या गावाचा कणा म्हणजे हाउप्टश्ट्रासे, दीड किलोमीटरहून लांब, वाहनांना बंद असलेला रस्ता. दुकानं तीच, जी जर्मनीत सगळीकडे आहेत. म्हणून त्या रस्त्यावरून सारखं डावी-उजवीकडे गल्ल्यांत शिरत राहा. गल्ल्या उत्तरेला नदीशी आणि दक्षिणेला डोंगराशी संपतात.

बाजारचौकातलं हायलिगगाइस्ट चर्च बाहेरून साधं आहे, गोष्ट मात्र मोठी आहे. याच्या सज्ज्यांमध्ये एके काळी बिब्लिओथेका पालाटिना हे युरोपातलं अत्यंत नावाजलेलं ग्रंथालय होतं. तीस वर्षांच्या युद्धात १६२२ मध्ये गाव कॅथलिक सैन्याच्या हाती पडलं आणि बव्हेरियाच्या ड्यूकनं हा ग्रंथसंग्रह पोपला भेट दिला. हजारो हस्तलिखितं आणि छापील पुस्तकं आल्प्स ओलांडून रोमला गेली. १८१६ मध्ये त्यांतली ८४७ जर्मन हस्तलिखितं परत आली, बाकीची बहुतेक आजही व्हॅटिकनमध्ये आहेत. याच चर्चमध्ये १७०६ पासून १९३६ पर्यंत मधोमध एक भिंत होती, एका बाजूला कॅथलिकांची प्रार्थना, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंटांची. आता ती नाही. मनोऱ्यावर चढता येतं, जिना अरुंद आहे. चर्चसमोरची सजवलेल्या दर्शनी भिंतीची इमारत १५९२ सालची, एका कापडव्यापाऱ्यानं बांधलेली. १६९३ च्या आगीतून वाचलेल्या अगदी थोड्या घरांपैकी ती एक आहे. गावातली बाकीची बहुतेक ‘जुनी’ घरं त्यानंतरची, म्हणजे अठराव्या शतकातली आहेत.

विद्यापीठ १३८६ मध्ये रुप्रेश्ट पहिला या इलेक्टरनं स्थापन केलं. आजच्या जर्मनीतलं ते सर्वांत जुनं. त्याच्या जुन्या इमारतीच्या मागे विद्यार्थ्यांचा तुरुंग आहे. विद्यार्थ्यांना शिक्षा करण्याचा अधिकार विद्यापीठाकडेच होता. रात्री दंगा, दारू पिऊन धिंगाणा, द्वंद्वयुद्ध असल्या गुन्ह्यांसाठी पोरांना काही दिवस इथे डांबत. १७७८ ते १९१४ असा तो वापरात होता. भिंती आणि छत कैद्यांनी काजळीनं आणि रंगांनी काढलेल्या आकृत्यांनी, नावांनी, तारखांनी भरून गेलेत. लहान मुलं बरोबर असतील तर गावातल्या संग्रहालयांत त्यांना सगळ्यांत जास्त हेच आवडेल.

विज्ञानाची आवड असलेल्यांनी हाउप्टश्ट्रासेवर रॉबर्ट बुन्सेनचा पुतळा शोधावा. त्यानं आणि गुस्टाव्ह किर्शहॉफनं याच गावात प्रकाशाच्या पट्ट्यावरून मूलद्रव्य ओळखण्याची रीत घालून दिली आणि १८६०-६१ मध्ये सीझियम आणि रुबिडियम शोधून काढले. सूर्यात आणि ताऱ्यांत काय आहे हे पृथ्वीवर बसून सांगता येऊ लागलं ते तिथपासून. त्याच रस्त्यावर कुरफाल्झ संग्रहालय आहे. तिथे टिलमान रिमेनश्नायडरनं १५०९ मध्ये लाकडात कोरलेले बारा प्रेषित पाहा, आणि तळघरातले रोमन अवशेष. १९०७ मध्ये जवळच्या माउअर गावच्या वाळूच्या खाणीत सापडलेल्या आदिमानवाच्या जबड्याची प्रतिकृतीही तिथे आहे. त्याच जबड्यावरून त्या मानवजातीला हायडेलबर्गचं नाव मिळालं.

मराठी वाचकाला या गावाशी बांधणारा धागा मात्र वेगळाच आहे. हायडेलबर्ग विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली आणि तिथे ग्युंटर-डिट्झ सोन्थायमर हे अभ्यासक होते. धनगरांच्या ओव्या, बिरोबा, म्हस्कोबा, जेजुरीचा खंडोबा, पंढरीची वारी या विषयांना त्यांनी आयुष्य दिलं. महाराष्ट्राच्या माळरानांवर आणि वाड्यावस्त्यांवर हिंडून त्यांनी जे टिपून ठेवलं, ते आज लोकदैवतांवर काम करणाऱ्या कुणालाही टाळता येत नाही. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये निघाला. १९९२ मध्ये ते गेले. ही संस्था आता बर्गहाइम भागात, रेल्वे स्टेशन आणि जुनं गाव यांच्या मध्ये, विद्यापीठाच्या आशिया केंद्रात आहे. पर्यटकांच्या कुठल्याही यादीत ती नसेल. ज्यांना या विषयाची ओढ आहे त्यांनी आधी पत्र लिहून तिथल्या ग्रंथालयात एक सकाळ जरूर घालवावी. आपल्या खंडोबावर इतकं प्रेमानं काम झालेली ही जागा आहे.

कवी मुहम्मद इक्बाल १९०७ मध्ये जर्मन शिकायला इथे राहिले होते आणि नेकारकाठच्या संध्याकाळवर त्यांची उर्दू कविता आहे. नदीकाठच्या रस्त्याच्या एका भागाला त्यांचं नाव दिलेलं आहे.

नदीनं वर, आणि खाली ऱ्हाइनकडे

हायडेलबर्गच्या आसपासचा सर्वांत सुंदर दिवस म्हणजे नेकारमधून बोटीनं वर नेकारश्टाइनाखपर्यंत जाणं. साधारण दीड तास लागतो. बोटी वसंतापासून शरदापर्यंत चालतात, हिवाळ्यात नाही. वाटेत बोट लॉकमध्ये शिरते: मागचे दरवाजे बंद होतात, पाणी भरत जातं आणि बोट अलगद वरच्या पातळीला येते. नदीला ठिकठिकाणी बंधारे घालून ती मालवाहतुकीजोगी केली आहे, म्हणून हे करावं लागतं. नातवंडं बरोबर असतील तर त्यांना पुढच्या कठड्याशी उभं करा.

नेकारश्टाइनाख हे छोटं गाव, पण त्याच्या डोक्यावर एकाच डोंगररांगेत चार गढ्या आहेत. चौथी कड्याला चिकटून आहे, तिला लोक पाकोळीचं घरटं म्हणतात. जंगलातून जाणारी वाट त्या जोडते. समोरच्या काठावर उंच टेकडीवर डिल्सबर्ग हे तटबंदीतलं गाव आहे. तिथल्या तटावरून नदीचं मोठं वळण पाहायला मिळतं. दोन्ही ठिकाणं एका दिवसात होतात, पण चढ-उतार पुष्कळ आहेत. थकला असाल तर एकच करा, आणि मग मी डिल्सबर्ग निवडायला सांगेन. परतताना बोटीची वाट पाहू नका. एस-बान लोकल वीसेक मिनिटांत हायडेलबर्गला आणते. वेळ हाताशी असेल तर उलट त्याच लोकलनं आणखी पुढे हिर्शहॉर्नला जा. तिथला किल्ला, मठ आणि गल्ल्या पर्यटकांच्या गर्दीतून बऱ्याच वाचल्या आहेत.

ऱ्हाइनच्या बाजूला पहिला मान श्पायरचा. तिथलं कॅथीड्रल सम्राट कॉनराड दुसरा यानं १०३० च्या सुमाराला बांधायला घेतलं. रोमनेस्क शैलीतलं, लांबी १३४ मीटर. युनेस्कोच्या यादीत ते १९८१ पासून आहे. वर फार वेळ न घालवता तळघरात उतरा. लाल-पिवळ्या दगडांच्या पट्ट्यांच्या कमानी, भक्कम खांब, आणि बाजूला सम्राटांच्या समाध्या. ज्या युद्धानं हायडेलबर्गचा किल्ला मोडला त्यानंच १६८९ मध्ये श्पायरही जाळलं, म्हणून दोन्ही गावं एका पाठोपाठ पाहिली तर चित्र पुरं होतं. जवळच ज्यूंच्या वसाहतीत बाराव्या शतकातलं शुद्धिस्नानाचं भूमिगत कुंड आहे. पायऱ्या उतरून जमिनीखालच्या पाण्यापर्यंत जाता येतं. श्पायर, वर्म्स आणि माइंझ या तीन गावांतल्या ज्यू वारशाला २०२१ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली.

श्वेत्झिंगेनची राजबाग अर्ध्या दिवसाची. इलेक्टर कार्ल थिओडोरचं हे उन्हाळी निवासस्थान. अठराव्या शतकात त्यानं बागेत एक मशीदही बांधवली, प्रार्थनेसाठी नव्हे, तर बागेची शोभा आणि पूर्वेबद्दलचं कुतूहल म्हणून. एप्रिलच्या सुरुवातीला इथला चेरीचा बहर पाहण्याजोगा असतो. एप्रिल ते २४ जून हा पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसचा मोसम, आणि श्वेत्झिंगेन त्यासाठी प्रसिद्ध आहे. शाकाहारी माणसाला जर्मन जेवणात एवढा मान वर्षात दुसऱ्या कुठल्या वेळी मिळत नाही. लोणी आणि उकडलेले बटाटे घेऊन मागवा, हॅम नको म्हणून आधीच सांगा.

मानहाइम पाहायला सुंदर नाही, पण मोटारींच्या आणि सायकलींच्या इतिहासाची आवड असणाऱ्याला चुकवून चालणार नाही. कार्ल ड्राइसनं १८१७ मध्ये सायकलची पूर्वज असलेली दुचाकी इथेच चालवली. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेन्झ नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांना बसवून, इथूनच फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. वाटेत वीसलोख गावच्या औषधालयातून तिनं इंधन विकत घेतलं. ते औषधालय हायडेलबर्गच्या दक्षिणेला, वाल्डोर्फला लागूनच आहे. मुलांच्या घरून संध्याकाळी चक्कर मारून या.

राहणं, फिरणं, जेवण

मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे आणि फ्रँकफर्ट विमानतळापासून हायडेलबर्ग तासाभरावर. बहुतेक वेळा मानहाइमला गाडी बदलावी लागते. एक गोष्ट नवख्याला ठाऊक नसते: हायडेलबर्गचं मुख्य स्टेशन जुन्या गावापासून अडीचेक किलोमीटर लांब आहे. सामान असेल तर बस किंवा ट्राम घ्या. जुन्या गावाच्या पूर्वेच्या टोकाला एस-बानचं वेगळं स्थानक आहे, हॉटेल त्या बाजूला असेल तर तिथेच उतरा.

राहायला जुन्या गावाच्या मधोमध जागा घेण्याचा मोह टाळा, विशेषतः शुक्रवार-शनिवारी. हे विद्यार्थ्यांचं गाव आहे आणि उंटेरे श्ट्रासेच्या आसपास रात्री उशिरापर्यंत कलकल चालते. नॉयेनहाइम किंवा बर्गहाइम बरं. नॉयेनहाइमला राहिलात तर नदीकाठची मोठी हिरवळ दाराशी येते आणि पूल ओलांडला की गाव.

भाड्याची मोटार घेऊ नका, जुन्या गावात तिचा काही उपयोग नाही. या सगळ्या भागाचा व्हीआरएन हा एकच वाहतूक संघ आहे. त्याचं दिवसभराचं तिकीट काढलं की बस, ट्राम, लोकल सगळं चालतं. बोटीचं तिकीट मात्र वेगळं. महिनाभर राहणार असाल तर डॉइचलांड-तिकीट पाहा. २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झालं, पुढे दर वाढत गेले, तरी देशभरच्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालणारा तो पास अजूनही किफायतशीर आहे. आयसीई आणि आयसी या जलद गाड्यांना तो चालत नाही. तो दरमहा आपोआप पुढे चालू राहतो, म्हणून ज्या महिन्यापर्यंत पास हवा त्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत तो रद्द करायची मुलांना आठवण करून द्या. तिकिटाशिवाय सापडलात तर ६० युरो दंड आहे आणि पाहुणा म्हणून सूट मिळत नाही.

जेवणाचं. ‘व्हेगेटारिश’ म्हटलं की मांस-मासे नाहीत, पण अंडं असू शकतं. इथले श्पेत्झले हे घरगुती शेवईसारखे गोळे अंड्याचेच असतात. चीज घातलेले केझेश्पेत्झले अंडं खाणाऱ्यांना फार आवडतील. अंडं चालत नसेल तर सरळ ‘व्हेगान’ काय आहे ते विचारा, कारण त्यात अंडं, दूध, मांस काहीच नसतं. फ्लामकूखेन या पातळ, खुसखुशीत पोळीवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालायची रीत आहे. बहुतेक ठिकाणी ‘ओने श्पेक’ म्हटलं की त्याशिवाय करून देतात. सूपचा रस्सा हाडांचा असू शकतो, आधी विचारा. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या.

नळाचं पाणी निर्धास्त प्या. एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या यंत्रात टाकून परत घ्या. थोडी रोकड जवळ ठेवा, लहान उपाहारगृहांत आणि स्वच्छतागृहांत लागते. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळीच दूध-ब्रेड आणून ठेवा. गरज पडली तर मुख्य स्टेशनातली दुकानं उघडी मिळतात. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. सोमवार डोंगरासाठी राखा. रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, सपाट आणि जाड तळव्यांचे बूट हवेत.

केव्हा जावं? मे-जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि बोटी चालू असतात. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत द्राक्षांची काढणी आणि जंगलात रंग बदलणारी पानं असतात. गर्दी कमी असल्यामुळे मला हे दिवस अधिक आवडतात. उन्हाळ्यातल्या ठराविक शनिवारी रात्री किल्ला तांबड्या उजेडात उजळून नदीवर आतषबाजी करतात. किल्ला जळाला होता त्याची ही आठवण. त्या तारखा आधी पाहून घ्या, कारण त्या दिवशी खोल्या मिळत नाहीत आणि काठावर जागेसाठी दुपारपासून बसावं लागतं. डिसेंबरात नाताळचा बाजार भरतो, पण साडेचारला अंधार पडतो आणि वरच्या वाटा निसरड्या असतात.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. सुट्टीच्या दिवसांत भेटीची वेळ मिळायला उशीर लागतो, म्हणून तिकिटं पक्की करण्याआधी ती वेळ पाहा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. साठी उलटलेल्यांनी आधीपासूनच्या दुखण्यांबद्दलची अट नीट वाचून मगच विमा घ्यावा, आणि रोजची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह पूर्ण मुक्कामापुरती बरोबर न्यावीत. तिथे साधी प्रतिजैविकंसुद्धा चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत.